चूल वेगळी, थ्रेशर एकच

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचा. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो. त्यामुळे आज मी कवितेवर बोलेन असं आपल्याला वाटलं असेल. पण बोलणार आहे संगणकाच्या पोटातल्या एका कार्डावर. त्यातलं मला कळतं ते भाच्यानं समजावलं तेवढंच. पण त्यानं समजावलं फार जीव तोडून, कारण प्रश्न त्याच्या नानीचा होता.

माझ्या अम्माच्या आवाजाच्या तीन कॅसेटी माझ्याकडे आहेत. १९९४ च्या उन्हाळ्यात मी टेपरेकॉर्डर उसना आणला आणि तिला जात्यावर बसवलं. पिठाची गिरणी गावात कधीच आली होती, पण अम्माला ओव्या जात्याशिवाय आठवतच नसत. नुसतं बसून म्हण म्हटलं की तिसऱ्या ओळीला अडायची. खुंट्याला हात लागला की पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत थांबायची नाही. घरात आम्ही आमची वऱ्हाडी हिंदी बोलतो, ओव्या मात्र मराठी. आमच्याकडे त्यात कुणाला कधी नवल वाटलं नाही. २००१ साली अम्मा गेली. कॅसेटींवर खरखर चढत गेली, आणि ते शब्द कागदावर उतरवायचं माझं काम वर्षानुवर्षं लांबत गेलं.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. ते काम पाहिलं की स्वतःच्या आळसाची लाज वाटते. मला तर फक्त तीन कॅसेटी उतरवायच्या होत्या.

भाचा पुण्यात एका कंपनीत आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, मुलगा. मागच्या ईदला आला तेव्हा म्हणाला, “मामू, आवाज ऐकून मजकूर लिहिणारी यंत्रं आता आलीत. मराठीही बरं लिहितात. नानीच्या कॅसेटी द्या मला.”

मी नाही म्हटलं. त्याला कारण आहे. २००३ साली माझा पहिला संग्रह एका तालुक्याच्या गावी टाइप करायला दिला होता. दुकानात संगणक एकच. त्यावर माझ्या कविता, कुणाची हँडबिलं, कुणाच्या लग्नपत्रिका, सगळं एकाच ठिकाणी पडलेलं. चार महिन्यांनी एका लग्नाला गेलो, तर पत्रिकेवर माझ्याच कवितेच्या दोन ओळी, आणि खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ ती कविता वडिलांच्या मयतीवरची होती. मी जेवलो आणि गुपचूप परत आलो. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं; हाताशी सापडलं ते त्यानं उचललं. पण तेव्हापासून दुसऱ्याच्या यंत्रात आपलं काही ठेवायचं म्हटलं की मला ती पत्रिका दिसते.

भाचा हसला नाही. म्हणाला, “मामू, माझी नोकरी याच गोष्टीची आहे.”

आणि मग ओसरीवर बसून त्यानं जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट त्या कार्डाची. त्याचं नाव ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट, थोडक्यात जीपीयू. पडद्यावरची चित्रं भराभर रंगवण्यासाठी, मुख्यतः पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी, ते बनलं. संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर म्हणजे हुशार गडी. हिशोब करेल, निरोप देईल, मोटारही दुरुस्त करेल, पण हातात एका वेळी काम थोडं. जीपीयू म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी. प्रत्येकीचं काम एकसारखं आणि साधं, पण हजारो हात एकाच वेळी चालतात. भाषा समजणारी, आवाज ओळखणारी आजची यंत्रं या टोळीच्या बळावर चालतात.

ही कार्डं महाग. मोठ्या कामाच्या एकेका कार्डाची किंमत लाखांत जाते. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तो अशाच कार्डांच्या जोरावर. (सी-डॅक उभी करणारे आणि १९९१ चा ‘परम ८०००’ घडवणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यातच होतं, तेव्हा आम्ही त्यांना आमचेच समजतो.) मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपयांची एआय योजना मंजूर केली, तिचा मोठा भागही अशी कार्डं उभारून ती परवडेल अशा दरानं वापरायला देण्याचा आहे. म्हणजे कार्ड विकत घेणारे थोडे, तासावर भाड्यानं घेणारे फार. आमच्याकडचा थ्रेशर जसा. सोयाबीन निघाली की एकच थ्रेशर या खळ्यातून त्या खळ्यात फिरतो आणि कट्ट्यामागे पैसे घेतो.

आता भाडेकरू कसे राहतात ते बघा. मोठ्या संगणकावर एका वेळी अनेकांची कामं चालतात. प्रत्येकाचं सामान बांधून वेगळं ठेवायची एक पद्धत आहे, तिला कंटेनर म्हणतात. २०१३ साली ‘डॉकर’ आलं आणि ती जगभर पसरली. सुटसुटीत आणि स्वस्त. पण त्यात एक मेख आहे. सगळ्या कंटेनरांच्या खाली संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एकच. जुन्या वाड्यात चार भाऊ चार खोल्यांत राहतात, मधे पडदे असतात, पण चूल एक आणि माजघर एक, तसं. पडदा सरकला की संपलं. सप्टेंबर २०२४ मध्ये विझ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एनव्हिडियाच्या ज्या साधनानं कंटेनरना जीपीयू जोडतात, त्यातल्याच एका चुकीमुळे कपटानं बनवलेला कंटेनर पडद्याबाहेर येऊन मूळ यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. ती चूक दुरुस्त झाली. पण भाचा म्हणतो तेही खरं, की चूक एका पडद्याची होती आणि पडद्यामागे दुसरी भिंत नव्हती.

भिंत बांधायची दुसरी पद्धत म्हणजे आभासी यंत्र. प्रत्येकाला स्वतःचा छोटा गाभा, स्वतःची चूल. डिसेंबर २०१७ मध्ये इंटेल आणि हायपर या दोन कंपन्यांची अशी कामं एकत्र करून ‘काटा कंटेनर्स’ नावाचा सर्वांना खुला प्रकल्प सुरू झाला. बाहेरून कंटेनरसारखंच दिसायचं, आत मात्र प्रत्येकाचं वेगळं आभासी यंत्र. ‘काटा’ म्हटल्यावर मला बाजार समितीतला वजनकाटा आठवला. भाचा म्हणाला, नाही, तो एका ग्रीक शब्दाचा तुकडा आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ विश्वासानं एखादी वस्तू कुणाकडे सोपवणं. मी त्याला म्हटलं, अरे, मग आपल्याकडे त्याला सरळ अमानत म्हणतात. इथून पुढे मी जरा कान देऊन ऐकू लागलो.

तर चूल वेगळी झाली. पण थ्रेशर तर एकच, आणि तो उभा आहे भिंतीच्या बाहेर. आतल्या भाडेकरूला तो वापरता यावा म्हणून सबंध कार्डच त्याच्या खोलीत द्यायचं, याला म्हणतात पासथ्रू. हे भिंतवाल्या कंटेनरांत नीट बसवण्याच्या कामात भाच्याच्या गटाचे कित्येक महिने गेले.

अडचण कुठे येते? आधी मूळ यंत्रानं कार्डावरचा हक्क सोडायला हवा. त्यासाठी लिनक्समध्ये २०१२ पासून व्हीएफआयओ नावाची सोय आहे. हे कार्ड प्रोसेसरला न विचारता संगणकाच्या स्मृतीत थेट हात घालतं. त्याशिवाय त्याला वेगच येत नाही. म्हणजे एका भाडेकरूच्या हाती ते दिलं आणि राखण नसेल, तर ते सगळ्यांच्या कोठारात हात घालेल. म्हणून वाटेत पहारेकरी बसवलेला असतो, आयओएमएमयू. कार्डानं मागितलेला प्रत्येक पत्ता तो तपासतो आणि त्या खोलीपलीकडे जाऊ देत नाही. पण हा पहारेकरी प्रत्येक कार्डाला वेगळं ओळखतोच असं नाही. काही उपकरणं एका गटात येतात, आणि गट द्यायचा तर अख्खा द्यावा लागतो. मी म्हटलं, म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर! आमच्या तीन भावांच्या गटात विहीर सामायिक आहे, तिचं पाणी आजवर एकट्याच्या नावावर झालेलं नाही. भाचा म्हणाला, मामू, अगदी तेच.

पुढची अडचण मला सगळ्यात आवडली. या पद्धतीत आधी खोली बांधून होते, भाडेकरू नंतर येतो, आणि आल्यावर म्हणतो, मला थ्रेशरही पाहिजे. चालू यंत्रात ते कार्ड नंतर जोडायचं. पण मोठ्या कार्डाची स्वतःची स्मृती इतकी अवाढव्य असते, की ती मावायला खोलीनं पत्त्यांची तेवढी जागा आधीच राखून ठेवावी लागते. खोली तर हलकी आणि स्वस्त व्हावी म्हणून मुद्दाम लहान बांधलेली. थ्रेशर आला आणि फाटकातच अडकला. आता फाटक आधीच रुंद ठेवायचं, की खोली बांधतानाच थ्रेशर आत घ्यायचा, यावर म्हणे त्यांच्याकडे खूप वाद झाले. दुसरी पद्धत जास्त भरवशाची ठरली. त्यासाठी भाडेकरूला काय लागणार हे खोली बांधणाऱ्याला अगोदर कळलं पाहिजे, आणि ते कळवायची वाट नव्यानं काढावी लागली.

शिवाय आतल्या त्या छोट्या गाभ्याला हे कार्ड हाकता यायला हवं, म्हणजे त्याचा चालक आत हवा, आणि तोही गाभ्याशी जुळणाऱ्या आवृत्तीचा. आणखी एक गंमत. कार्डाचा बाहेरचा पत्ता आत चालत नाही. गावात ज्याला सगळे ‘बब्बू’ म्हणतात, तो रेशनकार्डावर दुसराच कुणी असतो. आत बसलेल्या मदतनीसाला ही दोन्ही नावं जुळवून द्यावी लागतात, नाहीतर कार्ड समोर उभं असूनही भाडेकरू शोधत राहतो.

मी शेतकऱ्याचा मुलगा. मी विचारलं, “एकाचं काम झाल्यावर थ्रेशर झाडता का?” कारण आमच्याकडे तो न झाडता आणला तर शेजाऱ्याची तूर आपल्या सोयाबीनच्या बियाण्यात येते. तो म्हणाला, “झाडावाच लागतो. कार्ड परत घेतलं की ते पहिल्यापासून सुरू करायचं, आधीच्याची आठवण पुसायची. ती नीट पुसली गेली का, हे तपासण्यातच आमचे शेवटचे दोन आठवडे गेले.”

“आणि घरमालकानंच वाकून पाहिलं तर?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मला ते गप्प राहणं बरं वाटलं. मग म्हणाला, “ही भिंत शेजाऱ्यापासूनची आहे मामू. मालकापासूनची नाही. त्यासाठी स्मृतीच कुलूपबंद ठेवणारी नवी कार्डं आलीत, पण ते काम वेगळं आहे, आणि आमचं अजून तिथवर गेलेलं नाही.”

दुकानदार म्हणाला असता, बिनधास्त राहा. या पोरानं भिंत कुठे संपते ते सांगितलं. मी उठून लोखंडी पेटीतून दोन कॅसेटी काढून दिल्या. तिसरी ठेवून घेतली. तिच्यात मधेच ओवी थांबते आणि अम्मा माझ्या वडिलांबद्दल काही बोलते. ते आमच्या घरातलं आहे.

त्याला चाचणीसाठी काहीतरी खरं काम हवंच होतं. साहेबांची परवानगी काढून, भाड्याच्या यंत्रावर त्यानं नानीला एक खोली बांधून दिली, अख्खं कार्ड आत दिलं, आणि काम झाल्यावर झाडून परत केलं. तासाभराच्या आतच दोन्ही कॅसेटी कागदावर उतरल्या, असं त्यानं रात्री फोनवर सांगितलं. मला तीस वर्षं जमलं नव्हतं.

कागद आले. यंत्रानं बरंच बरोबर लिहिलं होतं. वऱ्हाडी शब्द आला की मात्र ते पुणेरी करून टाकत होतं. ‘काहून’ जिथे जिथे आहे तिथे ‘का म्हणून’. ते मी पेनानं दुरुस्त करतो आहे. एका ठिकाणी नुसती रिकामी जागा होती. भाच्यानं तो तुकडा मला पाठवला, मामू, इथे नानी काय म्हणते? मी दहा वेळा ऐकला. मलाही कळेना. एखादा जुना, हरवलेला शब्द असेल म्हणून मी दोन दिवस कोश चाळला. शेवटी आपाला फोनवर ऐकवला.

आपा लगेच हसायला लागली. म्हणाली, “अरे, ती ओवी नाही. बकरी पिठाला तोंड लावायला आली होती, तिला हाकलते आहे.”