मुलाची तक्रार कोणी ऐकावयाची?



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्याची उमर गेली, त्याने मुलांच्या माध्यमिक शाळेविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. जे काही शिकलो ते मोंढ्यात, कामगार न्यायालयाच्या पायरीवर आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा मानसशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु ज्याचे कोणी ऐकत नाही तो माणूस काय करतो, हे मी जवळून पाहिले आहे. तो आधी बोलतो, मग कुरकुरतो आणि शेवटी गप्प होतो. मालकाला वाटते, आता सारे सुरळीत चालले आहे. खरा धोका त्या गप्प बसण्यातच असतो.

शाळा आणि कामगार यांचे नाते मराठवाड्याला नवे नाही. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करीत होते. तेथून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३५ साली अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. १९३८ च्या हैदराबाद सत्याग्रहाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते शिक्षक होते, हे विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेथे वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले एका पंगतीला बसत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्यांना मुलांचे मन वेगळे अभ्यासावे लागले नाही. कोण जेवला नाही, हे त्यांना ताटावरून कळत असे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. आईबाप कोयत्यावर आणि आठवी-नववीतला मुलगा आजीपाशी. गुरे त्याची, पाणी त्याचे, धाकट्या बहिणीची काळजी त्याची. वर्गात त्याला डुलकी लागली तर तो आळशी ठरतो, गैरहजर राहिला तर उनाड. रडला, तर पोरीसारखा काय रडतोस, असे आपणच त्याला म्हणतो. शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ती योग्यच आहे. पण मुलाला खाटेबरोबर विचारपूस करणारे माणूसही लागते.

हे बोलणे मी जड मनाने करीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४. देशाच्या आकड्यात निम्म्याहून अधिक मुलगे होते.

कायदा नाही, असे नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारणे आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. दुःख मात्र चौदाव्या वर्षी संपत नाही. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हा शंभराचा आकडा वाचून मला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आठवला. त्यातही शंभर कामगारांच्या कारखान्यात कार्यसमितीची तरतूद होती. पण जेथे कामगार जागा होता, तेथेच ती समिती काम करी. बाकी ठिकाणी ती कागदावर राहिली. शाळेतील समुपदेशकाचे तसे होऊ नये.

शाळांतून तक्रारपेटी टांगलेली असते. मी एवढेच विचारतो, किल्ली कोणाजवळ? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच खिशात किल्ली असेल, तर पेटीत चिठ्ठी पडणार नाही. आणि पेटी रिकामी आहे म्हणून शाळा सुखी आहे, असा अहवाल मात्र जाईल. किल्ली दोन हवीत: एक मुख्याध्यापकांकडे, दुसरी पालकांच्या प्रतिनिधीकडे. पेटी दोघांनी मिळून उघडावी. पंचवीस-तीस मुलांमागे एक शिक्षक नेमावा. त्याने आठवड्यातून एकदा गुणांचा विषय न काढता मुलांशी बोलावे. चार मुलांसमोर कोणाचा पाणउतारा करू नये. आणि शिक्षकावर अशैक्षणिक कामांचा ढीग घालून त्याच्याकडून मायेची अपेक्षा धरू नये. थकलेला माणूस दुसऱ्याचे ऐकू शकत नाही, हे मी कामगार म्हणून सांगतो.

१०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १४४१६ हा मानसिक आधाराचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या दारावर ठळक लिहिलेला असावा.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्या आठवड्यात आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या मुलाच्या शाळेत जावे आणि दोन प्रश्न विचारावेत: पेटीची किल्ली कोणाकडे आहे, आणि समुपदेशक कोणत्या दिवशी येतो? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या आठवड्यात दहा जणांनी मिळून जावे. संघटना म्हणजे याहून निराळे काही नसते.