एका साडीतला बाळंतविडा

(आंबिवली इथं सावित्रीबाई फुले जयंतीला, ३ जानेवारीला, भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं हे शब्दांकन. भाषण संपल्यावर बायका सतरंजीवरच बसल्या आणि आणलेल्या जुन्या साड्या फाडून शिवायला लागल्या.)



मेळाव्याचं पत्रक वाचून आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या ताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "अगं, सावित्रीबाईंच्या जयंतीला तू दुपटी-लंगोटांवर बोलणार? बाईला शिवण-टिपण आणि पापड-लोणच्यांच्या बाहेर येऊ द्या, असं आपण इतकी वर्षं सांगत आलो. आणि आता पुन्हा तिच्या हातात सुई?"

त्यांचा प्रश्न खोटा नाही. बायकांसाठी काही करायचं म्हटलं की आधी शिलाई मशीनचं वाटप होतं. फोटो निघतो. त्या मशीनवर काम कुठून येणार, दर काय मिळणार, हे विचारायला नंतर कुणी फिरकत नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला. का, ते सांगते.

माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी माहेरहून रीतसर बाळंतविडा आला होता. कुंची, अंगडी-टोपडी, दुपटी, लाळेरी, सगळं. दुसऱ्या खेपेलाही मुलगीच झाली. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणाही मारला नाही. फक्त कुणी काही आणलं नाही. डिसेंबरचे दिवस होते, आणि पोर जेमतेम दोन किलोची. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तिच्या अंगावर घालायला धड कपडा नव्हता, कारण "आधीपासून काही करून ठेवू नये" म्हणून मीही काही केलं नव्हतं. चाळीतल्या शेजारच्या मावशी आल्या, त्या धुऊन धुऊन मऊ झालेलं आपलं लुगडं घेऊनच. खाली बसल्या, लुगडं टराटरा फाडलं आणि रात्रीपर्यंत एक टोपडं आणि दोन दुपटी माझ्या हातात दिली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "पोरगी आहे म्हणून तिला थंडी कमी वाजते होय?"

त्या दिवसापासून दुपटं म्हटलं की मला हौस आठवत नाही, ते वाक्य आठवतं. म्हणून आज आधी मावशींची ती विद्या तुम्हाला सांगते आणि मग तिच्या मोलाबद्दल बोलते.

सुरुवात कापडापासून. कापड सुतीच हवं, आणि जुनं हवं. नव्या कापडाची खळ आणि कच्चा रंग बाळाच्या कातडीला टोचतो. तान्ह्या बाळाला आधी जुनं नेसवायचं, ही आपल्या आज्यांची रीत या एका बाबतीत शहाणपणाची आहे. कापड सुती आहे का ते बघायला कडेचा एक धागा काढून जाळा. नायलॉन, टेरिलिन वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. पण रेयॉनही तसंच जळतं! आपल्या मोहन्याच्या एनआरसीत वर्षानुवर्षं रेयॉनचा धागा निघाला, तेव्हा हे इथल्या पुष्कळ जणींना मी सांगायला नको. मग फरक ओळखायचा कसा? धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, पटकन तुटतं. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. रोज चार वेळा धुवायच्या लंगोटाला म्हणून सुतीच बरं.

कापड आधी साबणाच्या पाण्यात उकळा, खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. बाळ यायच्या आधी शिवायला ज्यांच्या घरात मनाई असते त्यांना मी म्हणते, शिवू नका हवं तर, पण आठव्या महिन्यात कापड धुऊन, घडी करून ठेवा. पुष्कळ मुलं जगत नसत त्या काळातली ती भीती आहे. तिची चेष्टा नको, पण तिच्यापायी बाळ उघडं पडू द्यायचं नाही.

आता कापायचं गणित. पाचवारी साडी म्हणजे १८० इंच लांब आणि साधारण ४५ इंच पन्हा. छत्तीस-छत्तीस इंचांचे चार तुकडे फाडा. दोन-दोन एकावर एक ठेवून कडेनं आणि मधून धावदोरा घाला. दोन दुपटी झाली. उरलेल्या छत्तीस इंचांतून साडेबावीस इंचांचे दोन चौकोन निघतात, ते तिकोनी दुमडून दोन लंगोट. लंगोटाला पिन लावू नका, कापडाचेच बंद लावा. राहिली साडेतेरा इंचांची पट्टी. तिच्यातून टोपडं निघतं. आठ इंच रुंद आणि सात इंच उंच असे दोन तुकडे घ्या, वरून गोल कापा आणि अर्धा इंच सोडून शिवा. तयार टोपड्याचा घेर होतो चौदा इंच. नव्या बाळाचं डोकं तेरा-चौदा इंचांचं असतं. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा, आत टोचायला नको. गळ्याखाली लांब बंद नकोत.

झबल्याला दुसरी साडी घ्या, नाहीतर नवऱ्याचा जुना सुती सदरा. बारा इंच रुंद, चोवीस लांब तुकडा मधोमध दुमडायचा. दुमडीवर गळा कापायचा, पुढून उभं उघडायचं, हातासाठी दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडून खाली शिवायचं. बटण नको. तुटलं तर ते बाळाच्या तोंडात जातं. ज्या चिंध्या उरतील त्या फेकू नका. तीन-तीन पट्ट्यांची वेणी घाला, ती गोल गुंडाळत टाके घालत चला, घरासाठी पायपुसणं होतं. उल्हासनगरच्या शिवणकारखान्यांतली रंगीत चिंधी मिळाली तर त्याचं चिमणाळं करा, पण त्यात मणी, आरसे, टिकल्या नकोत. पाळण्यावर हात पोचणार नाही इतक्या उंच बांधा, आणि बाळ धरायला लागलं की काढून टाका.

दोन गोष्टी मात्र बदला. एक, मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून आपण ती हौसेनं करतो, पण तान्ह्याला उशी नकोच. सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवायचं, तोंडाजवळ मऊ गोधडी, सैल कापड काही ठेवायचं नाही. त्यानं श्वास कोंडतो. दुसरी, गुंडाळण्याचा अतिरेक. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत बाळाला टोपडं, कुंची आणि वर दोन दुपटी म्हणजे शिक्षाच आहे. बाळाच्या पोटाला आणि पावलांना हात लावून बघा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पावलं गार, म्हणजे त्याला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागली तर बाळाला अंगाशी धरून तडक दवाखाना गाठा.

थंडीचं एवढं का सांगते? अडीच किलोच्या आतल्या बाळाला आपल्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. ते गारठलं की दूध ओढत नाही, दूध पोटात गेलं नाही की आणखी गारठतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तान्ह्यांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९५ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. त्यात न्यूमोनिया, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं होतं, श्वास सुरू करणं होतं, आणि बाळाला उबदार ठेवणंही होतं. दुपट्यानं सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण शिकलेल्या बाईच्या हातातलं दुपटं हे आरोग्याचं साधन असतं, एवढं तिथं दिसलं. आज आपल्या आशाताई बेचाळीस दिवसांत बाळाला बघायला घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ या कामात आहे. त्या दारात आल्या की त्यांना आत घ्या, बाळ दाखवा.

आणि सगळ्यांत स्वस्त ऊब कुठली? आईच्या अंगाची. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या इस्पितळात काचपेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉक्टरांनी लहान बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं आणि लंगोट, वरून सुती साडीनं आईला आणि बाळाला मिळून बांधायचं. बाळाचं नाक-तोंड मोकळं हवं. हे बापालाही करता येतं. त्याला छाती आहे, साडी आपण देऊ.

बापाचं नाव निघालंच आहे तर विचारते, शिवण हे बायकांचं काम हे ठरवलं कुणी? बाजारात पैसे घेऊन शिवतो तो शिंपी, आणि तो बहुतेक पुरुष. घरात फुकट शिवते ती आई, आजी, मावशी. सुई तीच, टाका तोच. पैसे आले की तो धंदा होतो, पैसे नसले की माया. माया खरीच असते हो. माझ्या मावशींनी त्या रात्री माझ्याकडून काय मागितलं? काहीच नाही. पण मायेच्या नावाखाली दुकानदारही आपल्याला फुकटात राबवतो, ते बघा.

एनआरसी २००९ मध्ये बंद झाली. त्यानंतर या भागातल्या किती घरांत बाईच्या कमाईवर चूल पेटली, ते तुम्ही जाणता. कुणी पहाटेच्या लोकलनं ठाण्या-मुंबईला धुण्याभांड्याला गेली, कुणी घरबसल्या नगावर काम घेतलं. आमच्या गटानंही एकदा दुपट्यांची ऑर्डर घेतली. दुकानदार म्हणाला, कापड माझं, नगाला चाळीस रुपये. आम्हाला आनंद झाला. मग एकीनं वहीत वेळ लिहिली. हातानं एक दुपटं नीट शिवायला सहा तास लागत होते. आठ तासांचा हिशेब केला तर त्रेपन्न रुपये पडले. दोरा आपला, वीज आपली, मान-पाठ आपली. आम्ही दर वाढवून मागितला, तो म्हणाला, "ताई, घरी बसल्या बसल्या तर करता!"

आम्ही काम परत केलं. गटातल्या तिघींनी त्याच दरानं ते पुढे चालू ठेवलं. त्यांना मी नावं ठेवत नाही, खोलीचं भाडं कुणासाठी थांबत नाही. बाकीच्यांनी आसपासच्या बारशांना थेट विकायला सुरुवात केली. दर ठरवताना आधी तास, मग दोरा, मग कापड असं लिहायचं ठरलं. फार विकलं जात नाही, खरं सांगते. पण चाळीस रुपयांत कुणी मागितलं की आता वही दाखवता येते.

घरात बसून काम करणारी बाई कामगारच आहे, हे जगानंही मानलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली गृहश्रमिकांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण सोडायची नाही. आणि २०२१ पासून सुरू असलेली ई-श्रमची नोंदणी ज्यांनी केली नसेल त्यांनी करून घ्या. निदान सरकारदरबारी 'गृहिणी' ऐवजी 'कामगार' असं आपलं नाव लागेल.

शेवटी पुन्हा त्या बाळंतविड्याकडे येते. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानं केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. कायद्याची लढाई आपण लढूच. पण मुलगी नकोशी असते हे फक्त सोनोग्राफीच्या खोलीत ठरत नाही. पेढ्याच्या जागी बर्फी येते, बारसं "साधंच करू" होतं, बाळंतविडा येतच नाही, तिथंही ते ठरत असतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आपल्या वस्तीत ज्या घरी मुलगी जन्मेल, विशेषतः दुसरी-तिसरी, त्या घरी गटातल्या दोघींनी चार दिवसांच्या आत जायचं. हातात एका साडीतला हा बाळंतविडा न्यायचा. दुपटी, लंगोट, टोपडं. जात-धर्म विचारायचा नाही. आईच्या शेजारी बसायचं, बाळाच्या पावलांना हात लावून बघायचा, आशाताईंचा फोन लिहून द्यायचा. ते कापड आणि ते तासही वहीत लिहायचे, खाली 'भेट' असं लिहून. कारण आपण दिलं ते फुकट नव्हतं. ते आपण दिलं होतं.

माझी ती दोन किलोची पोर आज स्वतः नोकरी करते. मावशींचं एक दुपटं अजून माझ्या ट्रंकेत आहे. आज तेच आणलंय. हातोहात फिरवा आणि टाका कसा घातलाय ते बघा. चला, आता बोलणं पुरे. साड्या काढा.