दारं नसलेली शाळा



बावन्न दरवाज्यांच्या गावात उभी राहून मी आज अशा माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याने वर्गांना दारं नसलेली शाळा बांधली. संयोजकांनी बजावलं होतं, ‘तुझ्या व्यवसायातलं काहीतरी सांग, पण कंटाळा आणू नकोस.’ माझा व्यवसाय म्हणजे थोडी आर्किटेक्टची कामं आणि गेली बावीस वर्षं आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवणं. ही दोन्ही कामं पूर्ण ताकदीने करणारा माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतात ते बाळकृष्ण दोशी.

दोशी जन्माने पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ चा जन्म, गुजराती एकत्र कुटुंब, आजोबांचा फर्निचरचा व्यवसाय. माणसं वाढत गेली तसं राहतं घरही वाढत गेलं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं. हे घर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९४७ साली ते मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. (सर, मागच्या बाकावरचे आत्ताच टाळ्या वाजवताहेत, पण त्यांनी पुढचंही ऐकावं.) तिथून लंडन, आणि १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे. चंदीगडचं काम तेव्हा तिथे चालू होतं. दोशींना फ्रेंचचा गंध नव्हता आणि पहिले आठ महिने पगारही नव्हता. तरी टिकले. १९५४ च्या सुमारास परतले ते कॉर्बुझिएंच्या अहमदाबादच्या इमारतींवर देखरेख करायला, आणि मग अहमदाबादचेच झाले.

१९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. आज आपण ज्याला सेप्ट विद्यापीठ म्हणतो त्याची ही सुरुवात. स्वतःकडे पदवी नसलेला माणूस पदवी देणाऱ्या शाळेचा पहिला संचालक झाला! शाळेची इमारतही त्यांनीच आखली, ती १९६८ पर्यंत उभी राहिली. कॉलेजात असताना आमची स्टडी टूर तिथे गेली होती. विटांच्या लांबलचक समांतर भिंती, गिलावा नाही, मधून काँक्रीटचे स्लॅब. उत्तरेकडून येणारा शांत उजेड, ज्यात ड्रॉइंग बोर्डवर हाताची सावली पडत नाही. आणि खाली इमारतीच्या पोटात मोकळी, सावलीची जागा. आम्ही विचारलं, ‘वर्ग कुठे आहे?’ एका मुलाने हात फिरवून सगळीकडेच दाखवलं. वरच्या मजल्यावर काय शिकवतात ते खालच्याला ऐकू येत होतं, पहिल्या वर्षाची मुलं जाता-येता चौथ्या वर्षाचे नकाशे बघत होती. पायऱ्यांवर एक जण चक्क झोपला होता, त्याला कुणी उठवलं नाही.

दोशींचं म्हणणं साधं होतं. शिकणं वर्गात जितकं होतं तितकंच, किंबहुना जास्त, वर्गाबाहेर होतं. मग ते जिथे होतं ती जागा आर्किटेक्टने मुद्दाम बांधायला हवी, उरलीसुरली म्हणून सोडून चालणार नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. अहमदाबादच्या आयआयएमचं काम त्यांच्याकडे चालून आलं होतं. तरुण आर्किटेक्टसाठी याहून मोठं काम नाही. त्यांनी अमेरिकेच्या लुई कान यांचं नाव सुचवलं आणि स्वतः त्यांच्या मदतीला उभे राहिले. नव्या शाळेच्या मुलांना जगातला एक थोर माणूस काम करताना समोर बघायला मिळाला. शिक्षक म्हणून मला हे त्यांच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

आता ते पुण्याचं घर. इंदूरजवळची अरण्य वसाहत १९८९ ची, म्हणजे आपण दहावी झालो त्या वर्षाची. सुमारे साडेसहा हजार घरं, ऐंशी हजार लोकांसाठी. गरीब कुटुंबांना जोतं, संडास-न्हाणी आणि एखादी खोली द्यायची, बाकीचं त्यांनी पैसा येईल तसं आणि माणसं वाढतील तसं स्वतः बांधायचं. दोशींनी नमुन्याची ऐंशी घरं बांधून दाखवली. आगाखान पुरस्कार मिळाला त्याला. २०१८ मध्ये प्रित्झकर मिळाला, पहिल्या भारतीयाला. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. भद्रच्या किल्ल्याजवळचा त्यांचा प्रेमाभाई हॉल कित्येक वर्षं बंद पडून आहे. मला तो मुळातच जागेला जड वाटतो. आणि दारं नसलेली शाळा वीस वर्षांच्या मुलांना चालते, दहा वर्षांच्या मुलांना फाटक हवंच, वॉचमनही हवा. त्याबद्दल माझा वाद नाही.

माझा वाद आपल्या दक्षिणेकडच्या व्हरांड्याबद्दल आहे. आपल्या बॅचच्या देणगीतून तो ॲल्युमिनियम आणि काचेने बंद करून तिथे संगणकाच्या दोन वातानुकूलित खोल्या करायच्या, असा ठराव येतोय. हेतू चांगला आहे. पण तो व्हरांडा आहे म्हणून मे महिन्यात मागच्या चार वर्गांच्या भिंतीला ऊन लागत नाही. डिसेंबरात सूर्य कलला की तेच ऊन आत येतं. आपण तिथे शेकत बसायचो, आठवतं ना? तो बंद केला की त्या चार वर्गांची वाऱ्याची एक बाजू गेली आणि भर दुपारी दिवे लावावे लागणार.

शिवाय शाळेतलं भित्तिपत्रक तिथेच लागायचं. निकाल तिथेच कळायचा. सातवीतली मुलगी दहावीच्या मुलीला गणित विचारायची ती त्याच शहाबादी फरशीवर उकिडवी बसून. सर, तुम्ही वर्गातून बाहेर काढलेल्यांनी तर निम्मं शिक्षण तिथेच घेतलं!

पावसाचं पाणी आत येतं, धूळ येते, ही तक्रार खरी आहे. त्याला छज्जा दोन फूट पुढे काढणं आणि खाली विटांची जाळी हा उपाय पुरेसा आहे. संगणकांना खोली हवी, ती जुन्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर होऊ शकते. खिडक्या उत्तरेला ठेवायच्या, म्हणजे पडद्यावर चकाकी येत नाही. छतावर पांढऱ्या फुटक्या टाइलांचा चायना मोझॅक करायचा. दोशींनी स्वतःच्या ‘संगाथ’ या कार्यालयावर तोच वापरला आहे, अहमदाबादच्या उन्हात. खर्च व्हरांड्यापेक्षा जास्त येतो, ते लपवत नाही. जिना नवा करावा लागेल.

मागच्या टेबलावर दोन नकाशे ठेवलेत, एक समितीचा, एक माझा. शेजारी पेन्सिली आहेत. ठराव जेवणानंतर आहे, तर चहाच्या वेळात बघून घ्या आणि जे खटकेल ते त्यावरच खुणा करून ठेवा. भूमितीच्या बाईंनी कृपया आधी बघावं. प्रमाण चुकलेली आकृती त्यांना अजूनही लांबून दिसते.