पेशींच्या अंगावरील खुणा

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या सभेत एका बालरोगतज्ज्ञाने केलेले भाषण)



तीव्र लसिका रक्तकर्करोग झालेल्या बालकांच्या अस्थिमज्जेतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सारख्याच दिसतात. एकाच गणवेशातील मुले लांबून सारखी दिसावीत, तशा. वस्तुतः त्यांची कुळे भिन्न असतात, आणि उपचारांची दिशा पुष्कळ अंशी त्या कुळावर ठरते.

कूळ ओळखण्याची आरंभीची एक युक्ती मोठी मौजेची होती. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी मिसळल्या की, त्या टी कुळाच्या पेशींभोवती फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे चिकटत. बी कुळाच्या पक्व पेशी अंगावरील प्रतिपिंडांवरून ओळखू येत. परंतु बहुसंख्य बालरुग्णांच्या पेशी या दोन्ही परीक्षांत नापास होत! १९७५ साली लंडन येथे मेल्विन ग्रीव्ह्‌ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांमध्ये तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने या बेवारस पेशींवरील एक खूण शोधून काढली. तीच आजची सीडी १०. पुढे असे आढळून आले की, या पेशी बी कुळातल्याच, मात्र बाल्यावस्थेत अडकलेल्या होत्या. ही खूण निरोगी मज्जेतील कोवळ्या पेशींवरही असते. म्हणून सीडी १९, सीडी २२, टी कुळाची सीडी ७, पेशीच्या आतील सीडी ३ अशा अनेक खुणांचा मेळ पाहिल्यावाचून निदान होत नाही.

त्याच वर्षी केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाईन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत दिली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता अशा प्रतिपिंडांना चमकणारे रंग जोडतात आणि पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून नेतात. उपचारांनंतर १०,००० पेशींत एक रोगट पेशी उरली असली, तरी ती या यंत्राला सापडू शकते. एवढेच नव्हे, तर खूण हे आता लक्ष्यही झाले आहे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या, सीडी १९ वर नेम धरणाऱ्या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तथापि ती १५ वर्षांवरील रुग्णांपुरतीच होती.

आता आपल्या हातची गोष्ट सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका सात वर्षांच्या मुलास सांधेदुखीसाठी तीन आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिलेल्या होत्या. ताप उतरला, मूल खेळू लागले, घरचे निर्धास्त झाले. या गोळ्यांनी रोगट पेशी तात्पुरत्या विरतात. तपासणीत खुणा पाहायला पेशीच उरल्या नव्हत्या. दोन महिन्यांनी रोग उफाळला, तेव्हा कूळ कळले. मधला काळ वाया गेला.

चेहरा फिकट पडलेला, ताप हटत नाही, हाडे दुखतात, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, असे मूल वर्गात दिसले, तर गोळीआधी रक्ततपासणी करवावी. संशय आल्यास मुलालाच मोठ्या केंद्रात न्यावे, कारण मज्जेचा नमुना प्रवासात शिळा झाला की, त्यातील पेशी मरू लागतात.