भोकांचा हिशेब

कमरेचा चामडी पट्टा जुना झाला की कुठे फाटतो? भोकापाशी. शेडच्या छताच्या कैचीतले काही अँगल, काही पट्ट्याही अशाच दोन्ही टोकांनी ओढलेल्या असतात, आणि त्यांची ताकद काढायची तर आधी भोकं मोजावी लागतात.

एक पट्टी घेऊ. 100 मिलिमीटर रुंद, 8 जाड. म्हणजे छेद 800 चौरस मिलिमीटरचा. नेहमीचं बांधकामाचं पोलाद चौरस मिलिमीटरला 250 न्यूटनपर्यंत ओढून सोडलं, तर मूळ लांबीवर येतं. त्यापुढे कायमचं लांबतं. आयएस 800 या भारतीय मानकाची 2007 ची आवृत्ती इथे 1.1 ने भागायला सांगते. उत्तर 182 किलोन्यूटन, साधारण साडेअठरा टनांचा भार.

आता टोकाला 16 मिलिमीटरचा बोल्ट. त्याला भोक 18 चं; छेद उरला 656. ताकद तेवढीच घटली असेल ना? नाही! अख्खी पट्टी लांबली तर छत वाकेल. भोकाजवळचा बोटभर भाग लांबला तर कैचीला पत्ताही लागत नाही. म्हणून तिथे थेट तुटण्याचा ताण धरतात, 410. मात्र लांबणं डोळ्यांना दिसतं, तुटणं सांगून येत नाही. तेव्हा 0.9 ने गुणायचं आणि 1.25 ने भागायचं. येतात 194. एका भोकाने पट्टीचं काहीच गेलं नाही. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी आकडेमोड दोनदा तपासली होती.

पण आडव्या रेषेत दोन भोकं पाडा, 40 मिलिमीटर अंतरावर. आकडा घसरून 151. मग दुसरं भोक 40 मिलिमीटर पुढे सरकवा. आता फाटीला तिरकं जावं लागतं. पुढच्या अंतराचा वर्ग, भागिले आडव्या अंतराची चौपट. इतकी रुंदी परत मिळते. इथे 10 मिलिमीटर. ताकद 175. पट्टी तीच, बोल्ट तेच. फक्त सेंटर पंचचा ठसा दुसरीकडे पडला.

एवढ्यावर सुटका नाही. बोल्टांमागे जागा कमी ठेवली, तर त्यांच्यामधला तुकडाच टपालाच्या तिकिटासारखा सुटून येतो. तो हिशेब वेगळा करावाच लागतो. शिवाय टोक हाताने गॅसवर कापलेलं असेल, तर भोकाच्या मध्यापासून किमान 31 मिलिमीटर सोडा. खडूची रेघ मारतानाच.