अंगणातील पहिला पाठ

गरीब वस्तीतील मुलांना ‘संस्कार’ द्यावयाचे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सुविचारांचा फळा उभा राहतो. खरे बोलावे, वाटून खावे! पण धाकटे भावंड कडेवर घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला आपण माया ती कोणती शिकविणार?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालवाडीचे काम आरंभिले, तेव्हा दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. आणि त्याआधी आंघोळ, नखे, केस. ज्यांच्या स्पर्शाचाही समाजास विटाळ होई, त्यांच्या केसांतून शिक्षिकेने फणी फिरविली. ‘समता’ हा शब्द तेथे उच्चारावा लागला नाही.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. त्या कडेवरच्या भावंडाचीही सोय झाली: पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र, तीच विकासवाडी. ताईच्या मायेचा शाळेला अडथळा वाटला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

१९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. परंतु खडे मांडता मांडता “आता तिची पाळी” म्हणून हात आवरणाऱ्या पोराजवळ घटकाभर बसावयास सेविकेला सवड मिळते का, हे तिच्या इतक्या नोंदवह्यांपैकी कोणत्या वहीत लिहावयाचे?