गिटार मोडली नाही, पडदे झिजलेत



परळला आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. मुलीला नवी गिटार घ्यायची होती. जुनीला काय झालं, असं विचारलं तर म्हणाल्या, "खरखर वाजते. दोनदा तारा बदलल्या, काही फरक नाही." पुढच्या बैठकीला आम्ही गिटारच मागवली. पाहिलं तर ती मोडलेली नव्हतीच. तिचे पडदे झिजले होते.

पडदे म्हणजे गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडाच्या खाचेत ठोकलेले असतात. ते बहुतेक जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे. नावात चांदी असली तरी आत चांदी नसते. पोलादी तार रोज त्यावर दाबली की खाली चर पडतो. नवशिकी मुलं वरचे पहिले तीन-चार पडदेच जास्त वापरतात, म्हणून तेच आधी झिजतात.

आधी नखाने तपासा. तारेखालच्या चरात नख अडकलं, तर झीज खोल आहे. चर उथळ असेल तर पडदा न काढता कानशीने घासून भागतं. त्या गिटारचे तीन पडदे मात्र बदलावेच लागले. पडद्याची तार वाद्यांच्या दुकानात मिळते. आम्ही ती धोबीतलावहून आणली. जुन्या पडद्याचं माप घेऊन जा. खाचेपेक्षा जाड तार घेतली तर दांडी वाकते.

आता काम. तारा सोडवा. आजूबाजूच्या लाकडावर कागदी टेप चिकटवा. सोल्डरिंग आयर्न पडद्यावर टेकवून तो गरम करा, म्हणजे खालचा गोंद सैल होतो. मग खिळे उपटायच्या जंबुराने एका टोकाकडून थोडा थोडा उचलत चला. ओढू नका. आम्ही पहिला पडदा थंडच उपटला, तर लाकडाचा टवका निघाला. तो तिथेच चटकन चिकटणाऱ्या गोंदाने बसवला आणि पुढचे दोन्ही गरम करून काढले.

खाच साफ करा. नवी तार खाचेपेक्षा थोडी लांब कापा आणि दांडीच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वाकवा. दांडीखाली वाळूची पुरचुंडी ठेवा. प्लॅस्टिकच्या तोंडाच्या हातोडीने आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग हळूहळू ठोका. लोखंडी हातोडी लावू नका, पडद्याला खोक पडते. उरलेली टोकं कापताना तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा घाला. टोकं कानशीने तिरपी घासा, नाहीतर बोटं कापतील.

खरी परीक्षा पुढे आहे. नवा पडदा शेजारच्यांपेक्षा उंच राहिला, तर त्याच्या अलीकडचा सूर खरखरतो. स्टीलच्या लहान पट्टीची कड तीन पडद्यांवर टेकवा. पट्टी हलली तर मधला उंच आहे. तेवढाच घासा, पुन्हा टेकवा, पुन्हा घासा. माथा परत गोल करा आणि शेवटी बारीक पॉलिश पेपरने चकाकी आणा.

दांडी वाकली असेल, सांधा सुटला असेल किंवा गिटार महाग असेल, तर मात्र कारागिराकडेच द्या. कुठे थांबायचं हे कळणं हीही कारागिरीच आहे.

मायलेकींनी दोन रविवारी मिळून हे काम केलं. गिटार वाजली तेव्हा ताईंनी कर्जाचा अर्ज परत घेतला. मुलगी म्हणाली, "आई, आता ही माझी आहे."

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही नव्या वस्तूसाठी अर्ज येतील. नवी वस्तू घेणं चूक नाही. पण आधी जुनी बैठकीत मागवा आणि सगळ्यांनी मिळून बघा, ती मोडली आहे की नुसती झिजली आहे. कर्जाचा हप्ता वर्षभर पुरतो, आणि कधी कधी दुरुस्ती दोन रविवारांत होते.